रुखवतातील लेस

आमच्या देवळ्याकडील लग्नांत रुखवत मांडले की त्यात क्रोशाचे तोरण व रुमाल असावयाचेच. पाहुणे मंडळी ते हातात घेऊन 'फावल्या वेळात केलेले' असे म्हणत व लाडवांकडे वळत. या तीन शब्दांविषयीच आम्हांस येथे थोडे लिहावयाचे आहे.

सोळाव्या शतकात व्हेनिस व फ्लँडर्स येथे सुईची व फिरक्यांची लेस भरभराटीस आली. क्रोशाची लेस त्या मानाने अर्वाचीन. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा तेथील ख्रिस्ती जोगिणींनी गरीब बायकांस आकड्याच्या सुईने गुलाब व पाने विणावयास शिकविले. फुले सुटी विणावयाची व मागाहून जाळीने एकत्र जोडावयाची, अशी ती रीत होती. त्या मजुरीवर कित्येक घरांची चूल पेटली.

आपल्या देशात लेसचे काम मुख्यत्वे मिशनरी बायकांनी रुजविले. दक्षिणेस नागरकोइल येथे मोल्टबाईंनी ते मुलींस शिकविले. त्यांतील काही दास मुलींनी लेसच्या कमाईतून आपली मुक्तता विकत घेतली. आंध्रातील नरसापूर येथे १८४४ च्या सुमारास मॅक्रे दांपत्याने हा उद्योग सुरू केल्याचे सांगतात. तेथील माल परदेशी जाई. तरीही विणणाऱ्या हजारो बायकांची गणना 'घरी बसणाऱ्या' अशीच होत असे व नफा व्यापाऱ्यांच्या पदरी पडे, हे मारिया मीस या जर्मन विदुषींनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात साधार मांडले. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले.

आमच्याकडील बायकांना मजुरीही नव्हती. पुस्तक नाही, नकाशा नाही. नणंदेच्या तोरणावरील घरे मोजून साखळी, खांब, मुका खांब यांचा हिशेब मनात धरावयाचा. एक खांब चुकला की कमळाची पाकळी वाकडी, व सारी ओळ उसवणे आले. पाटीवरील बेरजेत अडखळणाऱ्या मुली या मोजणीत चुकत नसत, हे आम्ही शिक्षक असताना पाहिले आहे. आणि तो फावला वेळ म्हणजे तरी कोणता? कांद्याच्या खळ्यावरून आल्यावर, भाकऱ्या उरकल्यावर, दिव्याजवळचा.

ज्या घरी असे जुने तोरण असेल, त्यांनी करणारीचे नाव माहेर-सासरच्या गावासह मागील बाजूस घालून ठेवावे. शाई धुण्यात उतरते. म्हणून नाव दोऱ्यानेच घालावे.