मुठीचे मत : पिस्तुलाच्या पकडीच्या अभ्यासाची प्रस्तावना

पिस्तुलाविषयीचे लेखन बहुधा नळी, काडतूस आणि नेम यांच्याभोवती फिरते. हाताला प्रत्यक्ष लागते ती मूठ, पण तिच्या वाट्याला एखादा परिच्छेद आला तर आला. मालकांच्या बोलण्यात नेमके उलटे दिसते. अमेरिकेत सामान्य नागरिकाकडे पिस्तूल असणे नवलाचे नाही. तिथला मालक आपल्या पिस्तुलाबद्दल बोलू लागला की चार वाक्यांत मुठीवर येतो : जाड आहे, घामात घसरते, मधल्या बोटाला काचते, दुसऱ्या कंपनीची बसवली तेव्हा कुठे हातात बसली. या तक्रारींवर आणि या समाधानावर तिथे मोठा धंदा उभा राहिला आहे. मूळ कारखान्याच्या सांगाड्याऐवजी बसवायचे सांगाडे, मुठीचे सुटे भाग, लाकडी पट्ट्या, रबरी वेष्टने असे सगळे त्यात येते. प्रस्तुत पुस्तकाचा विषय मालकांचे हे बोलणे आहे.

अशा बोलण्याकडे अभ्यासकांनी बराच काळ काणाडोळा केला, आणि त्याला कारणही होते. 'हातात छान बसते' या वाक्यातून मोजता येण्यासारखे काय हाती लागणार? आमचे म्हणणे असे की पुष्कळ काही लागते, फक्त ते वाक्य कशाविषयी आहे हे आधी ओळखले पाहिजे. मुठीबद्दलचे मत वरवर पिस्तुलाबद्दल असते. खोलात गेले की ते एका विशिष्ट हाताबद्दल, त्या हाताला आधी लागलेल्या सवयीबद्दल आणि त्याच्याकडून घेतल्या जाणाऱ्या कामाबद्दल निघते. या तिन्हींचा पत्ता लागला की परस्परविरोधी वाटणारी मतेही एका रांगेत उभी राहतात.

या क्षेत्राचा पाया शस्त्रविद्येत नाही, शरीरशास्त्रात आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये हाताच्या पकडीचे दोन मूळ प्रकार सांगितले : जोराची पकड आणि नेमकेपणाची पकड. हातोडा धरताना पहिली लागते, सुई धरताना दुसरी. पिस्तुलाची अडचण अशी की ते एकाच हाताकडून एकाच क्षणी दोन्ही मागते. तळवा आणि खालची तीन बोटे मूठ घट्ट धरून असतात, आणि त्याच वेळी तर्जनीने चाप अलगद मागे घ्यायचा असतो. बोटे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत. तर्जनी वळली की शेजारची बोटेही नकळत आवळतात आणि नळीचे टोक हलते. चांगल्या मुठीचे काम हे आवळणे थांबवण्याचे नसते, कारण ते थांबत नाही. हात अशा जागी बसावा की त्या आवळण्याने नेम कमीत कमी ढळेल, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते.

दुसरा आधार मोजमापांचा. अमेरिकी लष्कराने १९८८ मध्ये आपल्या सैनिकांच्या शरीराची जी पाहणी केली, तिच्यात पुरुषांच्या हाताची सरासरी लांबी सुमारे १९.४ सेंटिमीटर आणि स्त्रियांची सुमारे १८ सेंटिमीटर आढळली. सरासरीतला हा सुमारे १.४ सेंटिमीटरचा फरक पिस्तुलाच्या मुठीवर फार मोठा ठरतो. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. हत्यार, खुर्ची किंवा यंत्र भारतीय माणसाच्या मापाचे करायचे तर कुठून सुरुवात करावी, हे त्यातून कळते. मुठीच्या अभ्यासकाने असे तक्ते जवळ ठेवावेत.

आता मूठच जवळून पाहू. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बेचका मुठीच्या मागे, शक्य तितका वर जाऊन टेकतो. नळीच्या रेषेपासून हात जितका खाली, तितकी बार उडाल्यावर नळी अधिक उसळते, म्हणून शिकवणारे 'हात वर घ्या' असे सांगत असतात. मागच्या कण्यापासून चापापर्यंतचे अंतर ही दुसरी महत्त्वाची जागा. ते जास्त असले की लहान हाताचे बोट चापावर जेमतेम टेकते, आणि मग माणूस मूठ हातात फिरवून घेतो. तसे केले की धक्का तळव्यावर न येता अंगठ्याच्या सांध्यावर येतो. तिसरी जागा चापाभोवतीच्या कडीची खालची बाजू. वर सरकलेल्या हाताचे मधले बोट तिथे घासते. ग्लॉक पिस्तूल वापरणाऱ्यांच्या बोटावर तिथे पडणारा घट्टा इतका ओळखीचा आहे की त्याला पिस्तुलाचेच नाव मिळाले आहे. ती कडी खालून कोरून घेणे हा अमेरिकी कारागिरांचा नित्याचा उद्योग. बाजारातले बरेच पर्यायी सांगाडे ही जागा आधीच कोरलेली असल्याचे आवर्जून सांगतात.

मालकांच्या तक्रारीने यंत्र बदलल्याचा जुना आणि स्पष्ट दाखला कोल्ट १९११ चा आहे. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले हे .४५ चे पिस्तूल अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये स्वीकारले. पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर विसाच्या दशकात त्यात जे बदल झाले, ते बहुतेक हाताशी निगडित होते. चाप आखूड केला आणि त्याच्या मागे सांगाड्याला दोन्ही बाजूंनी खोलगट काप दिले, म्हणजे लहान हाताची तर्जनी पोचावी. मुठीवरची मागची शेपटी लांबवली, कारण मागे येणारा घोडा बेचक्याला चावत असे. मुठीचा मागचा खालचा भाग फुगीर केला, म्हणजे नळी खाली झुकू नये. या रूपाला एम १९११ ए १ म्हणतात. पुढे नेमबाजीच्या स्पर्धांत उतरणाऱ्यांनी याच पिस्तुलावर पुन्हा सपाट मागचा भाग आणि लांब चाप बसवून घ्यायला सुरुवात केली. एका पिढीच्या तक्रारीवरचा उपाय दुसऱ्या पिढीची तक्रार झाला. दोन्ही पिढ्या खऱ्याच बोलत होत्या. त्यांचे हात आणि त्यांची कामे वेगळी होती.

काम कसे बदलते, याचे उत्तर पन्नाशीच्या दशकाअखेरीस कॅलिफोर्नियात मिळाले. जॅक वीव्हर हे तिथल्या स्पर्धांत पिस्तूल दोन्ही हातांनी धरून जिंकू लागले. जेफ कूपर यांनी ती पद्धत शिकवली आणि गाजवली. तोवर एका हाताला साजेल तीच मूठ चांगली, असे गृहीत होते. दोन हात आल्यावर दुसऱ्या तळव्यालाही मुठीवर मोकळी जागा हवी झाली. दुसऱ्या हाताची तर्जनी टेकवण्यासाठी अनेक कारखान्यांनी चापाच्या कडीचा पुढचा भाग चौकोनी आणि आत वळलेला केला. पुढे बहुतेक नेमबाजांनी तिथे बोट ठेवणे सोडून दिले, पण तो आकार बराच काळ टिकून राहिला. एखादे वैशिष्ट्य कशासाठी आले हे विसरले गेले तरी लोक त्यावर मत देत राहतात, याची नोंद अभ्यासकाने घ्यावी.

मग प्लास्टिक आले. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक १७ चा सांगाडा पॉलिमरचा होता. रिकामे पिस्तूल मॅगझिनशिवाय सुमारे ६२५ ग्रॅम भरते. पोलादी १९११ सुमारे १,१०० ग्रॅम. सतरा काडतुसे दोन ओळींत मावायची तर मूठ रुंद होणारच. शिवाय पोलादी पिस्तुलाच्या बाजूच्या पट्ट्या दोन-दोन स्क्रू काढून बदलता येत. इथे मूठ आणि सांगाडा एकच, ओतीव. कारखान्याने पुढे बोटांसाठी खाचा दिल्या. ज्यांची बोटे त्या खाचांत बसली ते खूश, ज्यांची उंचवट्यांवर आली ते नाराज. २०१० च्या चौथ्या पिढीत मागची पट्टी बदलण्याची सोय झाली आणि २०१७ च्या पाचव्या पिढीत खाचा काढून टाकल्या. दरम्यान मालकांनी तापलेल्या डागणीने प्लास्टिकवर बारीक ठिपके उठवून मूठ खरखरीत करण्याची कला बरीच पुढे नेली होती.

पर्यायी सांगाड्यांच्या बाजाराची दिशा मात्र अभियांत्रिकीइतकीच कायद्याने ठरवली. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार सांगाडा हेच 'शस्त्र' मानले जाते. क्रमांक त्यावर असतो आणि विक्रीचे नियमही त्याला लागतात. ग्लॉकचा सांगाडा बदलणे म्हणजे कायद्याच्या नजरेत नवे पिस्तूल घेणे. सिग साउअरच्या पी ३२० या पिस्तुलात क्रमांक आतल्या चाप-यंत्रणेच्या धातूच्या चौकटीवर आहे, त्यामुळे बाहेरची मूठ हा नुसता सुटा भाग ठरतो. तीच यंत्रणा लहान, मध्यम किंवा मोठ्या मुठीत बसवता येते. अमेरिकी लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये हीच रचना एम १७ म्हणून निवडली. तेव्हापासून विल्सन कॉम्बॅटसारख्या कंपन्यांच्या मुठी, ॲल्युमिनियमच्या मुठी, टंगस्टन मिसळून जड केलेल्या मुठी असा पसारा वाढत गेला.

याच बाजाराला एक काळी बाजूही आहे. अर्धवट घडवलेले, क्रमांक नसलेले सांगाडे विकून 'भुताटकी बंदुका' पसरवल्या गेल्या आणि गुन्ह्यांच्या तपासात त्यांचा माग लागेना. २०२२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने अशा संचांवर नियम आणले आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरले. असे सांगाडे घेणाऱ्यांतही 'मुठीचा कोन १९११ सारखा मिळतो' असे सांगणारे होते. ते कारण खरे असू शकते, आणि दुसरे एखादे कारण झाकणारेही असू शकते. सोयीचे बोलणे वाचताना ही सावधगिरी सुटता कामा नये.

एवढ्या पार्श्वभूमीवर नवागताने प्रत्येक मताला चार प्रश्न विचारावेत. पहिला, हात कोणाचा? हाताचे माप नसलेले मत अर्धेच असते. दुसरा, आधी काय धरत होता? १९११ आणि ग्लॉक यांच्या मुठीच्या कोनांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. १९११ वर वाढलेला मनगटाचा सराव ग्लॉक उचलताच नळी वर नेतो, आणि मालक 'पिस्तूल वर बघते' म्हणतो. ग्लॉकवरच शिकलेल्याला हे पटत नाही, आणि दोघांचेही अनुभव प्रामाणिक असतात. तिसरा, किती वेळ आणि कुठे? दुकानाच्या गल्ल्यावर रिकामे पिस्तूल उचलून पाहणे आणि मैदानात दोनशे गोळ्या झाडणे यांत घाम, थकवा आणि धक्का यांचा फरक आहे. चौथा, कशासाठी? खरखरीत मूठ मैदानात भरवशाची वाटते. तीच कमरेला उघड्या कातडीला लागून दिवसभर वागवली की कातडी सोलते. एकाच माणसाची एकाच मुठीबद्दल दोन मते असू शकतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

एक पाचवी गोष्ट प्रश्नापेक्षा खबरदारी म्हणून सांगतो. आपल्या मालकीच्या झालेल्या वस्तूला माणूस जास्त किंमत देतो. रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये या प्रवृत्तीला अर्थशास्त्रात नाव दिले. महागडी मूठ बसवलेला माणूस तिची तारीफ करतो तेव्हा पावतीही थोडी बोलत असते. ज्याला ती आवडली नाही तो बहुधा विकून मोकळा होतो आणि काहीच बोलत नाही. म्हणून कौतुकाच्या ढिगात तक्रारी कमी दिसल्या तर घाईने निष्कर्ष काढू नये.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध वेगळ्या वाटेने येतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. शस्त्र बाळगायला परवाना लागतो, आणि शस्त्र घडवणे, दुरुस्त करणे किंवा त्यात फेरफार करणे हा धंदाही परवान्याखालीच चालतो. त्यामुळे हौसेखातर सांगाडा बदलण्याचा प्रश्नच येत नाही. सेवेतल्या माणसाला जे हाती येते त्यावर हात बसवावा लागतो. ईशापूरच्या कारखान्यात बनणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरच्या रचनेवरचे आहे, आणि घोड्याने बेचक्याला चावण्याची खोड त्या रचनेत मूळचीच.

खेळात मात्र मुठीचे शास्त्र आपल्याकडे पूर्ण बहरलेले आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले. त्या प्रकारातल्या नेमबाजाची लाकडी मूठ त्याच्या एकट्याच्या हातासाठी घडवलेली असते. तळव्याखाली सरकवता येणारा कट्टा असतो. जिथे पोकळी राहते तिथे लाकडाचा लगदा भरतात, जिथे दाब येतो तिथे कानस लागते, आणि मनगट मोकळे राहिलेच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. इथे 'आराम' हा शब्द फारसा ऐकू येत नाही. प्रत्येक वेळी हात तंतोतंत त्याच जागी पडतो का, एवढेच विचारतात. अमेरिकी मालकांची मते वाचताना ही कसोटी जवळ ठेवली तर पुष्कळ गोंधळ आपोआप कमी होतो.

करण्यासारखे अजून बरेच आहे. स्त्रियांच्या हातांबद्दलचे लेखन पुरुषांनीच जास्त केले आहे. डावखुऱ्यांची मते तळटीपांत सापडतात. संधिवात झालेल्या हाताचा विचार होतो तो बहुधा म्हाताऱ्या मालकांच्या बोलण्यातून, प्रयोगशाळेतून क्वचित. भारतीय हातांच्या मापांशी भारतीय सेवा-पिस्तुलांच्या मुठी ताडून पाहणे हे तर थेट हाती घेण्यासारखे काम आहे.

या क्षेत्रात येणाऱ्याला बंदुकीची आवड असण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या हाताबद्दल कुतूहल असले म्हणजे झाले. पुढील प्रकरणे वाचताना प्रत्येक मताशेजारी हाताचे माप, आधीची सवय, वेळ आणि काम अशी चार घरे आखावीत आणि मिळेल ते भरत जावे. चारही घरे रिकामी राहिली तर ते मत सोडून पुढे जावे. अशी मते पुष्कळ निघतील. ज्यांची दोन किंवा तीन घरे भरतील, त्यांच्यावरच हे शास्त्र उभे राहणार आहे.