रिचर्डचं कुबड

इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डला तो हयात असताना कोणी कुबडा म्हटल्याची नोंद सापडत नाही. पहिली नोंद यॉर्कच्या नगरदप्तरातली, 1491 सालची. दोघांची बाचाबाची झाली, त्यात एका शाळामास्तरानं दिवंगत राजाला ढोंगी आणि कुबडा म्हटलं, अशी तक्रार महापौरांपुढे आली. बॉसवर्थच्या रणात 22 ऑगस्ट 1485 रोजी रिचर्ड पडला, त्याला तेव्हा सहा वर्षं होत आली होती. गादीवर आता ट्यूडर घराण्याचा सातवा हेन्री होता, त्यामुळे गेलेल्या राजाची निंदा करायला भीती उरली नव्हती.

ही हवा ओळखणाऱ्यांत जॉन राउस हा पाद्री पहिला. रिचर्ड जिवंत असताना त्यानं त्याची तोंड भरून स्तुती केली होती. राज्य पालटल्यावर तोच लिहू लागला, की हा दोन वर्षं आईच्या पोटात होता आणि जन्मला तो दातांसकट, खांद्यापर्यंत केस घेऊन. उजवा खांदा वर, डावा खाली, असंही त्यानं नोंदवलं. पुढे टॉमस मोरनं खांदे बदलले: डावा वर, पाठीला कुबड, एक हात वाळलेला. मोर लहानपणी कार्डिनल मॉर्टनच्या घरी वाढला होता आणि मॉर्टन म्हणजे रिचर्डचा हाडवैरी. मोरचं लिखाण हॉल, हॉलिन्शेड अशा बखरकारांच्या हातून शेक्सपिअरपर्यंत आलं. एवढंच कशाला, मरणोत्तर काढलेल्या एका राजचित्राची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा त्यातला खांदा नंतर रंग चढवून उचललेला निघाला.

शेक्सपिअरनं 1592-93च्या सुमारास नाटक लिहिलं तेव्हा कुबड तयारच होतं. त्याची करामत वेगळी. इतरांनी रिचर्डबद्दल जे म्हटलं, ते त्यानं रिचर्डच्याच तोंडी घातलं. पडदा उघडताच हा माणूस प्रेक्षकांना स्वतःचा देह दाखवतो, त्यावर विनोद करतो आणि मला प्रेम जमणार नाही म्हणून मी खलपुरुष होतो असं बजावतो. प्रेक्षक त्याच्या कटात सामील होतात. रंगमंचावरचा पहिला रिचर्ड म्हणजे नट रिचर्ड बर्बेज. त्याच्यावर एक प्रेक्षकबाई इतकी भाळली, की तिनं त्याला रात्री रिचर्डच्या नावानं भेटायला बोलावलं आणि तिथे शेक्सपिअरच आधी जाऊन बसला, असा किस्सा जॉन मॅनिंगहॅमनं 1602 साली रोजनिशीत टिपला आहे. खरा असो वा नसो, तो लंडनभर रंगवून सांगितला गेला असणार.

1699 साली कॉली सिबरनं नाटकाची काटछाट करून नवी आवृत्ती रचली. सेन्सॉरनं तिचा सबंध पहिला अंक उडवला, कारण त्यातल्या सहाव्या हेन्रीचे हाल पाहून लोकांना परागंदा राजा दुसरा जेम्स आठवेल! तरी दीडशेहून अधिक वर्षं रंगभूमीवर मुख्यतः सिबरचाच रिचर्ड चालला. डेव्हिड गॅरिक 19 ऑक्टोबर 1741ला ज्या भूमिकेनं लंडनला माहीत झाला, ती हीच. गुडमन्स फील्ड्सच्या त्या थिएटरला नाटकाचा परवाना नव्हता. म्हणून तिकीट गाण्याच्या मैफलीचं आणि मध्यंतरातलं नाटक ‘फुकट’, अशी पळवाट होती. गॅरिकचं नावही जाहिरातीत नव्हतं.

1814मध्ये एडमंड कीन आला. बुटका, घोगऱ्या आवाजाचा. त्याचा रिचर्ड तलवार हातून गेल्यावरही रिकाम्या हातांनी वार करत राहायचा; समीक्षक हॅझलिटला ते मरण विसरता येईना. कीनची तलवार पुढे हेन्री अर्विंगकडे गेली. त्यानं 1877मध्ये सिबरला बाजूला सारून शेक्सपिअरची संहिता उभी केली. तलवार फिरत फिरत जॉन गीलगुडकडे आली आणि 1944चा रिचर्ड पाहून त्यानं ती लॉरेन्स ऑलिव्हिएला दिली. ऑलिव्हिए मात्र सिबरलाही विसरला नाही. त्याच्या 1955च्या चित्रपटात सिबरच्या ओळी शेक्सपिअरच्या म्हणून खपून गेल्या आहेत. मला हे मनापासून आवडतं: इतिहासकार इतिहासकाराला खोडतो, नट आधीच्या नटाचं उचलून अंगावर चढवतो.

ऑलिव्हिएची सावली पुसायला 1984मध्ये अँटनी शेर कुबड्यांवर आला. आधी त्याच्या पायाची शीर तुटली होती, तेव्हा कुबड्यांची सवय झालेली. एरवी वाकडं उभं राहून नटाचीच पाठ कामातून जाते, हा धोकाही त्यामुळे टळला. त्याच्या हातात कुबड्या लंगडण्यासाठी नव्हत्याच. कोळ्याच्या पायांसारख्या त्या पुढे झेपावायच्या. राज्याभिषेकात तेल लावण्यासाठी पाठ उघडी केली जाई आणि बनवलेलं कुबड सगळ्या सभागृहासमोर येई.

2012मध्ये लेस्टरच्या एका कारपार्कखाली हाडं सापडली. डीएनए जुळला. पाठीचा कणा खरोखर बाजूला वळलेला होता, पण तो स्कोलिओसिस, कुबड नव्हे. चांगला शिंपी आणि मापाचं चिलखत असेल तर फारसं कळलंही नसतं, असं तपासणाऱ्यांचं मत पडलं. वर होता तो उजवा खांदा. म्हणजे दोन वर्षांच्या गर्भाची थाप मारणाऱ्या राउसनं खांदा तेवढा बरोबर सांगितला! हात दोन्ही धड.

नाटकवाल्यांनी खोदकामही सोडलं नाही. 2016मध्ये अल्मेडा थिएटरमधला रेफ फाइन्सचा प्रयोग त्या उत्खननापासूनच सुरू होत असे. पण कुबडाच्या वंशावळीला खरं वळण मिळालं ते 2022मध्ये. रॉयल शेक्सपिअर कंपनीनं ही भूमिका प्रथमच एका अपंग नटाला, आर्थर ह्यूजला दिली. दिग्दर्शक होता ग्रेगरी डोरन, तेव्हा नुकत्याच गेलेल्या शेरचा जोडीदार. ह्यूजचा उजवा हात जन्मतःच वेगळ्या घडणीचा आहे. नाटकात रिचर्ड दरबारात वाळलेला हात दाखवून, ही चेटकिणींची करणी म्हणत उमराव हेस्टिंग्जचं डोकं उडवायला सांगतो. मोरनं रंगवलेला आणि हाडांनी खोटा ठरवलेला तो प्रसंग ह्यूजनं स्वतःच्या हातानं केला.