एका ओळीची हेरोकू

अमेरिकेत २००७ साली जेम्स लिंडेनबॉम, अ‍ॅडम विगिन्स आणि ओरायन हेन्री यांनी हेरोकू सुरू केली. रुबी भाषेतला प्रोग्राम ब्राउझरमध्येच लिहा, तिथेच चालवा, ही मूळ कल्पना. ती मागे पडली आणि टिकली ती काळ्या पडद्यावरची एक आज्ञा: ‘गिट पुश हेरोकू मास्टर’. (‘हिरोइक’ आणि ‘हायकू’ जोडून नाव केलेले, हायकूला तीन ओळी तरी लागतात!)

एवढे टाइप केले की कोड त्यांच्या सर्व्हरवर जाई, लागणाऱ्या लायब्ररी आपोआप बसत, अ‍ॅप जगाला खुले होई. चुकलेच तर ‘हेरोकू रोलबॅक’. सर्व्हर भाड्याने घेऊन स्वतः सांभाळण्याची कटकट गेली.

२०१० मध्ये सेल्सफोर्सने कंपनी घ्यायचे ठरवले, सुमारे २१ कोटी डॉलरला. मला त्या सौद्यापेक्षा मोफत योजना मोठी वाटते. कितीतरी विद्यार्थ्यांचे पहिले अ‍ॅप तिच्यावर चालले. २८ नोव्हेंबर २०२२ पासून ती बंद करण्यात आली. स्वस्तातली योजना आता महिना ५ डॉलरची. आकडा लहान दिसतो, पण परदेशी पैसे भरायला लागणारे कार्ड पहिल्या वर्षाच्या पोराकडे कुठून असणार?