दोन किलोमीटरचं शहर

५ मार्च २०१३ रोजी अमेरिकेत 'सिमसिटी' हा गेम विक्रीला आला आणि शहर वसवायला निघालेली माणसं वेशीवरच अडकली. पैसे भरून झाले होते, गेम डाउनलोड झाला होता. स्क्रीनवर मात्र सूचना एकच: सर्व्हर भरलेला आहे, थांबा. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला तरी पुन्हा तेच. जे कसेबसे आत शिरले, त्यांच्यापैकी अनेकांची तासन् तास खपून उभी केलेली शहरं सेव्हच झाली नाहीत. गंमत अशी की यातल्या बहुतेकांना कोणाबरोबर खेळायचंच नव्हतं. त्यांना एकट्याने, निवांत बसून एक शहर बांधायचं होतं.

सर्व्हर कोसळण्यात नवल काही नाही. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि पहिल्या दिवशी न कोसळणारी सिस्टिम ही आमच्याकडे बातमी असते. पण या गेमचं पुढे जे झालं ते सर्व्हरमुळे झालं नाही. आठवड्याभरात सर्व्हर बऱ्यापैकी सुरळीत झाले, राग मात्र वाढतच गेला. तो का वाढला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

विल राइट हा अमेरिकन प्रोग्रामर १९८४ साली एक हेलिकॉप्टरचा गेम बनवत होता. खेळणाऱ्याने बेटांवरच्या कारखान्यांवर बॉम्ब टाकायचे, एवढीच त्याची गोष्ट. राइटच्या लक्षात आलं, की बेटं उडवण्यापेक्षा ती बांधण्यात त्याला जास्त मजा येतेय. मग त्याने नगररचनेवर वाचायला सुरुवात केली. त्यात एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांचं 'अर्बन डायनॅमिक्स' हे १९६९ सालचं पुस्तक होतं. शहर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या समीकरणांचं जाळं, अशी त्यातली मांडणी. त्यातून १९८९ साली पहिला 'सिमसिटी' आला. त्यात जिंकणं नव्हतं, हरणंही जवळपास नव्हतं. असा गेम विकायचा कसा, हा प्रश्न प्रकाशकांना पडला होता, म्हणून राइटने जेफ ब्राउनबरोबर १९८७ साली 'मॅक्सिस' ही स्वतःची कंपनी काढली. गेम तुफान चालला. १९९७ साली 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' म्हणजे ईएने मॅक्सिस विकत घेतली.

या मालिकेतला २००३ सालचा 'सिमसिटी ४' आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचा. जानेवारीत तो आला तेव्हा कौतुक झालं, पण तक्रारीही आल्या. गेम जड होता, कठीण होता आणि वाहतूक कशी चालते याचा थांग लागत नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचं 'रश अवर' हे एक्स्पान्शन आलं. एक्स्पान्शन म्हणजे मूळ गेमला जोडायची, वेगळे पैसे मोजून घ्यायची पुरवणी. 'रश अवर'मध्ये एकेरी रस्ते आले, दुभाजकाचे मोठे रस्ते आले, मोनोरेल आली, फेरीबोटी आल्या. सगळ्यांत उपयोगी गोष्ट म्हणजे एखाद्या घरावर क्लिक केलं, की तिथली माणसं कामाला कुठून कशी जातात ते दिसू लागलं. आधी जे झाकलेलं होतं, ते पुरवणीने उघडं करून दाखवलं. त्यावर चाहत्यांनी वाहतुकीचा स्वतःचा एक मोठा मॉड रचला, 'नेटवर्क अॅडॉन मॉड'. गेमला वीस वर्षं उलटून गेली तरी तो मॉड वापरात आहे.

एक्स्पान्शनचं परीक्षण लिहिताना समीक्षक नवीन इमारती मोजतात. खेळाडू मात्र आणखी काहीतरी तपासत असतो: आम्ही जे ओरडत होतो, ते तुम्हाला ऐकू आलं का?

आता पुन्हा २०१३. नव्या 'सिमसिटी'ची दोन वैशिष्ट्यं होती. एक म्हणजे इंटरनेट नसेल तर गेम चालणारच नाही. दुसरं म्हणजे 'ग्लासबॉक्स' नावाचं नवं इंजिन. जुन्या गेममध्ये शहर म्हणजे आकडेमोड होती, इथे प्रत्येक माणूस, प्रत्येक गाडी, पाण्याचा प्रत्येक थेंब हा फिरणारा घटक असेल, असं सांगितलं गेलं. काचेच्या पेटीसारखं सगळं आरपार दिसेल, असं ते नाव सुचवत होतं.

काही समीक्षकांनी गेम विक्रीआधी, सर्व्हर रिकामे असताना खेळला होता. 'पॉलिगॉन' या साइटने त्याला दहापैकी ९.५ गुण दिले. गेम लोकांच्या हाती पडल्यावर त्याचे ८ केले, मग ४. अॅमेझॉनने गेमची डाउनलोड आवृत्ती काही काळ विकणं थांबवलं. सर्व्हरवरचा भार कमी व्हावा म्हणून मॅक्सिसने गेममधला सर्वांत वेगवान 'चित्ता' वेगच बंद करून टाकला. भरपाई म्हणून ग्राहकांना एक गेम फुकट देऊ केला. निवडीच्या यादीत 'सिमसिटी ४'सुद्धा होता, म्हणजे दहा वर्षं जुना आणि इंटरनेटशिवाय चालणारा. एवढं होऊनही पहिल्या दोन आठवड्यांत गेमच्या ११ लाख प्रती खपल्या. प्रेम होतं, म्हणून तर एवढा राग होता.

मग खेळाडू त्या काचेच्या पेटीत डोकावायला लागले.

कंपनीचं म्हणणं होतं, की गेमची बरीचशी आकडेमोड आमच्या सर्व्हरवर होते, म्हणून ऑफलाइन मोड देता येत नाही. लोकांनी मधेच इंटरनेट तोडून पाहिलं. शहर पुढे वीसेक मिनिटं निवांत चालत राहिलं. एका मॉडरने तर ती मर्यादाही काढून दाखवली. मॅक्सिसच्या प्रमुख लूसी ब्रॅडशॉ यांना मग लिहावं लागलं, की ऑफलाइन मोड करता आला असता, पण तो आमच्या कल्पनेतल्या गेममध्ये बसत नव्हता म्हणून केला नाही. 'जमत नाही' आणि 'करायचं नाही' या दोन वाक्यांतलं अंतर ग्राहकाला बरोबर कळतं.

मग लोक माणसांच्या मागे लागले, अगदी शब्दशः. एखाद्या नागरिकावर क्लिक करून दिवसभर त्याचा पाठलाग केला तर काय दिसायचं? तो सकाळी घरातून निघायचा आणि वाटेत जी रिकामी नोकरी सापडेल तिथे शिरायचा. संध्याकाळी जे रिकामं घर जवळ असेल तिथे झोपायचा. त्याला स्वतःचं घर नव्हतं, कायमचं काम नव्हतं. सगळे एकच जवळचा रस्ता धरायचे, म्हणून शेजारचा मोठा रस्ता मोकळा असताना गल्लीत गाड्यांची रांग लागायची. मग गेमच्या फायली उघडून पाहणाऱ्यांना कोडमध्ये एक फंक्शन सापडलं. त्याच्या नावातच 'फज्ड पॉप्युलेशन' असे शब्द होते, म्हणजे फुगवलेली लोकसंख्या. स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्यातली बरीच माणसं शहरात अस्तित्वातच नव्हती.

इथे एक फरक करायला हवा. शहराचा गेम म्हटला की त्यात सोयीचं खोटं असणारच. याच गेमचे मुख्य डिझायनर स्टोन लिब्रांदे यांनी एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं होतं, की खऱ्या शहरांत पार्किंगला लागते तेवढी जागा दाखवली असती तर गेम पार्किंगचाच झाला असता, म्हणून आम्ही पार्किंग जमिनीखाली आहे असं मानलं. यावर कोणी चिडलं नाही. उलट खरी शहरं किती जागा गाड्यांना देऊन बसली आहेत, याचीच चर्चा झाली. म्हणजे खेळाडूची तक्रार गोष्टी सोप्या करण्याबद्दल नव्हती. सोपं केलेलं 'अस्सल' म्हणून विकण्याबद्दल होती.

तक्रारींची यादी लांब होती, पण सर्वांत वर एकच मागणी होती: जमीन द्या. शहरासाठी मिळणारा चौकोन साधारण दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटर. दोन-चार संध्याकाळी खेळलं की तो भरून जायचा. ऑक्टोबर २०१३ मध्ये मॅक्सिसने जाहीर केलं, की बरेच महिने प्रयोग केले, पण मोठी शहरं सर्वसाधारण कॉम्प्युटरना झेपत नाहीत, म्हणून ती देणार नाही. आणि पुढच्याच महिन्यात एक्स्पान्शन आलं, 'सिटीज ऑफ टुमॉरो'.

या पुरवणीने जमीन दिली नाही, मजले दिले. एकावर एक घरं, दुकानं, कार्यालयं रचलेले 'मेगाटॉवर' आले, त्यांना जोडणारे हवेतले पूल आले. एक 'ओमेगा' कंपनी आली. ती एक गूढ पदार्थ बनवते, तो घराघरांत पोचवते, प्रदूषण करते आणि शहराला स्वतःवर अवलंबून ठेवते. दुसऱ्या टोकाला स्वच्छ तंत्रज्ञानाची 'अकॅडमी' होती. कल्पना छान होत्या, चित्रं देखणी होती आणि बऱ्याच समीक्षकांनी तसं लिहिलंही. तरी एकूण स्वागत कोमटच झालं. कारण खाली तोच चौकोन होता, गल्लीत तीच रांग होती आणि इंटरनेट अजूनही सक्तीचं होतं. ग्राहकाला अवलंबून ठेवणाऱ्या कंपनीवरची चेष्टा, अशा गेममध्ये, वेगळे पैसे देऊन! विनोद चांगला होता, सांगणारा चुकला.

मार्च २०१४ मध्ये एकदाचा ऑफलाइन मोड आला. त्यासाठी साडेसहा महिने काम करावं लागलं, असं मॅक्सिसच्या इंजिनिअरने लिहिलं. शेजारच्या शहरांमधले व्यवहार सांभाळणारा, सर्व्हरवरचा जावामधला कोड सी++ मध्ये नव्याने लिहावा लागला होता. म्हणजे 'सर्व्हरवर आकडेमोड होते' हे म्हणणं अगदीच थाप नव्हतं. मला त्या टीमबद्दल वाईट वाटतं ते इथे. आपल्या कामाबद्दलचं अर्धं सत्य वरून पूर्ण सत्य म्हणून सांगितलं गेलं, की खालच्या माणसाच्या खऱ्या मेहनतीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

४ मार्च २०१५ रोजी ईएने मॅक्सिसचा एमरिव्हिलमधला मूळ स्टुडिओ बंद केला. सहाच दिवसांनी, १० मार्चला, फिनलंडमधल्या टांपेरे शहरातल्या 'कलॉसल ऑर्डर' या चिमुकल्या टीमचा 'सिटीज: स्कायलाइन्स' आला. त्यात सुरुवातीला मिळणारा एक तुकडा जवळपास 'सिमसिटी'च्या अख्ख्या शहराएवढा होता आणि असे नऊ तुकडे घेता येत. इंटरनेटची सक्ती नव्हती, मॉड करायला पहिल्या दिवसापासून मुभा होती. खोटं इथेही होतं. एका वेळी ६५,५३६ पेक्षा जास्त माणसं शहरात फिरू शकत नव्हती, फार वेळ अडकलेल्या गाड्या गुपचूप नाहीशा व्हायच्या. पण ते खेळाडूंना ठाऊक होतं आणि गाड्या गायब होणं नको असेल तर त्यासाठी मॉड होता. महिन्याभरात दहा लाख प्रती खपल्या. सप्टेंबरात 'आफ्टर डार्क' हे पहिलं एक्स्पान्शन आलं. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: दिवस-रात्रीचं चक्र सगळ्यांना फुकट अपडेटमधून मिळालं, पैसे होते ते टॅक्सी, सायकलचे रस्ते, बसची लेन अशा जास्तीच्या गोष्टींचे.

गोष्ट इथेच संपली असती तर 'मोठे वाईट, छोटे चांगले' असं तात्पर्य काढता आलं असतं. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये याच टीमचा 'सिटीज: स्कायलाइन्स २' आला आणि चांगल्या कॉम्प्युटरवरही अडखळत चालला. लोकांनी पुन्हा आत डोकावून पाहिलं, तर नागरिकांच्या तोंडातले दातसुद्धा बारकाईने घडवलेले सापडले. तेही आकाशातून पाहायच्या गेममध्ये! दहा वर्षांपूर्वी नसलेली माणसं मोजली जात होती, आता असलेल्या माणसांचे न दिसणारे दात रंगवले जात होते. मूळ दुखणं बरं व्हायच्या आधीच, मार्च २०२४ मध्ये, समुद्रकाठच्या घरांची एक विकतची पुरवणी आली. तिच्यावर इतकी टीका झाली, की पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर माफी मागून पैसे परत केले आणि ती सगळ्यांना फुकट दिली. घरं वाईट होती म्हणून नव्हे. घराचं छत गळत असताना कोणी पडदे विकायला आलं, तर पडद्याचा रंग कोण बघतो?

तुमच्या फोनवरच्या निम्म्या अॅप्सची आज हीच अवस्था आहे. इंटरनेट गेलं की ती बंद पडतात, आणि तसं का, हे कोणी सांगत नाही. मग एक दिवस 'प्रो' किंवा 'प्लस' नावाची पुरवणी येते. ती घ्यायची की नाही हे ठरवताना तिच्यात नवीन काय आहे हे बघाच, पण आधी एक बघा: तुमच्या जुन्या तक्रारींपैकी कोणती मिटली? 'रश अवर'वाल्यांना हे उत्तर २००३ सालीच मिळालं होतं. ते अजूनही 'सिमसिटी ४'मध्ये रस्ते आखत बसलेले असतात.