नाक, नाव आणि नोंद

महार आणि लष्कर यांचा संबंध हा आपल्या घराघरांतून सांगितला जाणारा इतिहास आहे. परंतु घरात सांगितलेल्या इतिहासाला बाहेर पुरावा मागितला जातो. तो शोधण्याचे एक साधन आज हाताशी आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने दोन्ही महायुद्धांतील मृत सैनिकांची यादी इंटरनेटवर खुली केली आहे. तीत नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि हिंदी शिपायाच्या बाबतीत पुष्कळदा बापाचे नाव, गाव व जिल्हाही मिळतो.

माझे पणजोबा १११ व्या महार पलटणीत होते, असे आजी सांगे. त्यांच्या काळी आमचे आजचे आडनाव नव्हतेच. ते पुढे गावावरून घेतले. तेव्हा नावापुढे ‘नाक’ लागे. कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईतील महार शिपायांची नावे याच खुणेने ओळखू येतात. जात सांगणारी ही खूण आपल्या माणसांनी टाकली, हे योग्यच झाले. पण दप्तर त्याच खुणेने लिहिलेले आहे. म्हणून आडनावाने शोधू नये. पलटण, जिल्हा, बापाचे नाव यांवरून शोधावे आणि कारकुनाच्या कानाने रोमन लिपीत उतरलेली नावाची सगळी रूपे तपासावीत.

त्या यादीत पणजोबा नाहीत, कारण ते जिवंत परतले. येथेच खरा प्रश्न सुरू होतो. ‘लढाऊ जातीं’च्या धोरणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. युद्धाची गरज पडली तेव्हा १९१७ साली ही पलटण उभारली आणि १९२१ साली मोडली. उलट, लढाऊ ठरलेल्या पंजाबच्या सैनिकांच्या गाववार नोंदवह्या सरकारने करून ठेवल्या. लाहोरच्या संग्रहालयातील त्या सुमारे ३,२०,००० नोंदी २०२१ पासून इंटरनेटवर येऊ लागल्या. मृतांमध्येही भेद होताच. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, शिपायांची मात्र केवळ संख्या. पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांची नावे कोरली गेली नाहीत, किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, असे कमिशनच्याच समितीने २०२१ साली मान्य केले. त्यांत आफ्रिका व आशियातील माणसे बहुसंख्य होती.

तेव्हा नोंद नाही म्हणून सेवा नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याला विचारावे, नोंद कोणाची ठेवायची हे कोणी ठरवले? साम्राज्याने शौर्याचा दाखला द्यावा म्हणून आपल्याला हा शोध घ्यायचा नाही. आपली माणसे कोणत्या दारातून आत घेतली गेली आणि कोणत्या दारातून बाहेर काढली गेली, हे नावानिशी मांडायचे आहे.

पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते. आमच्या घरचे पदक १९७२ च्या दुष्काळात मोडले; त्या चांदीचे धान्य झाले. तुमच्या गावात एखादे उरले असेल, पेन्शनचा कागद असेल, सांगणारी म्हातारी असेल. विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी आधी तिच्याकडे वही घेऊन बसावे. संगणक नंतर उघडावा.