माणसाने ओढलेली गाडी

रिक्षा म्हटलं की आठवतं ते पुण्याच्या रिक्षावाल्याचं "तिकडे नाही येणार!" काही वर्षांपूर्वी आई डब्लिनला आली होती. ग्राफ्टन स्ट्रीटपाशी सायकलरिक्षा उभ्या होत्या. मी हौसेने भाव ठरवला, पण आई बसेना. "त्या पोराने घामाघूम होऊन मला ओढायचं? नको गं बाई!"

नेमका हाच विचार स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात चालू होता. गृहमंत्री मोरारजी देसाईंना माणसाने ओढायच्या रिक्षा बंद करायच्या होत्या. तेव्हाच्या अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या, माल वाहायच्या तीनचाकी गाडीचं चित्र पाहिलं आणि तिच्यात माणसं बसवायचं मनावर घेतलं. १९४८ च्या सुमारास पुण्यात ऑटोरिक्षा आली. १९५९ मध्ये बजाजला तीनचाकी देशातच बनवायचा परवाना मिळाला.

ज्याच्याशी मी सुट्ट्या पैशांवरून भांडत आले, त्याची गाडी माणसाचे कष्ट वाचवायला आली होती, हे मला डब्लिनच्या फुटपाथवर उमगलं. आम्ही चालतच बस स्टॉपवर गेलो. त्या पोराची मात्र एक फेरी बुडाली, ही रुखरुख अजून आहे.