ट्रॅव्हल ट्रेलर : टायर आणि ब्रेकची तपासणी

मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे छोटे घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. अमेरिकेत उन्हाळी सहलींसाठी त्याचा मोठा वापर होतो. चालक मात्र पुढच्या मोटारीत असतो. मागचा टायर मऊ पडला किंवा एखाद्या चाकाचा ब्रेक निकामी झाला, तरी त्याची चाहूल त्याला सहसा लागत नाही. त्यामुळे खरी तपासणी निघण्यापूर्वीच करावी लागते.

आपल्याकडे टायरचा 'गोटा' झाला की तो बदलतात. ट्रेलरच्या बाबतीत ही सवय धोक्याची ठरते. ट्रेलर वर्षातून थोडेच दिवस धावतो आणि एरवी उन्हात एकाच जागी उभा असतो. नक्षी नव्यासारखी राहते. रबर मात्र वाळते, त्याला बारीक तडे जातात आणि आतले थर सुटू लागतात. म्हणून पाहायचे ते टायरचे वय. 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण क्रमांक कधी कधी टायरच्या आतल्या बाजूस असतो. तेव्हा वाकण्याचा आळस करू नये. पाच-सहा वर्षे उलटली, की नक्षी शाबूत असली तरी टायर बदलणे इष्ट.

हवा टायर थंड असतानाच मोजावी. प्रवासात तापलेल्या टायरमधील दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडणे चूक. कमी हवा आणि जास्त सामान, दोन्हींमुळे टायर तापतो व फुटतो. 'एसटी' खुणेच्या अनेक ट्रेलर-टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर असते. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५ मैलांची मर्यादा आहे.

ट्रेलरचे ब्रेक बहुधा विजेवर चालतात. मोटारीतील नियंत्रकाकडून प्रवाह मिळताच ड्रममधील चुंबक फिरत्या ड्रमला चिकटतो, तरफ ओढली जाते आणि लायनर ड्रमवर दाबले जातात. चुंबक झिजला, तार गंजली वा लायनरवर ग्रीस आले, तर त्या चाकाचा ब्रेक दुबळा होतो. ज्या ब्रेकना आपोआप जुळणीची सोय नाही, त्यांची जुळणी दर ३००० मैलांनी, तर बेअरिंगची तपासणी व ग्रीस दर १२ महिन्यांनी किंवा १२ हजार मैलांनी, असा प्रघात आहे. चाक काढून बसविल्यावर नट पहिल्या १०, २५ व ५० मैलांनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत. लांब उतारावर खालचा गिअर टाकण्याचा आपल्या घाटातला नियम इथेही लागू आहे. सतत दाबलेले ड्रम ब्रेक तापून पकड सोडतात.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते 'ब्रेकअवे' स्विचकडे. ट्रेलर सुटलाच, तर मोटारीला बांधलेल्या दोरीने या स्विचची पिन निघते आणि ट्रेलरवरील बॅटरी ब्रेक लावते. ही दोरी मोटारीच्या सांगाड्याला स्वतंत्र बांधावी; जोडणीच्या गोळ्याला किंवा सुरक्षा साखळीला नव्हे. चाचणीसाठी मोटारीकडून येणारी विजेची जोडणी काढावी, पिन ओढावी आणि ट्रेलर सावकाश पुढे ओढून पाहावा. चाके अडली पाहिजेत. ती मोकळी फिरली, तर प्रथम बॅटरी तपासावी. चाचणी होताच पिन परत बसवावी, अन्यथा चुंबक तापतात आणि बॅटरी उतरते.